थर चार की आठ

संग्रहालयाच्या तळघरातली हाडं नव्या कपाटांत हलवायची होती. काम बसून करायचं होतं आणि ऊदवालीची तिथेच पंचाईत होती. ती स्टुलावर टेकायची, ट्रे ओढायची, दोन हाडं पाहायची आणि उठून कपाटांमधल्या बोळातून एक फेरी मारून यायची. अठ्ठावन्न वर्षांची बाई, पण चाल अशी की जणू हिची गाडी सुटते आहे.

समोर नोंदी टिपणारी मुलगी होती. तीन महिन्यांपूर्वी लागलेली, घसरता चष्मा सारखा वर ढकलणारी.

"मॅडम, हा आठ फुटलाय."

"काय फुटलंय?"

"आठ. या बरगडीवरचा. याचं डोकं उघडं आहे."

ऊदवालीने भिंग ओढलं, पाहिलं आणि खुदकन हसली. "अगं, आठ कुठला? चार आहे तो. आपल्या शाळेतला चार. माझ्या बाबांनी लिहिलाय."

"पण बाकी सगळे इंग्रजी आकडे आहेत."

"मी सांगितलंच होतं इंग्रजीत लिहा म्हणून. पण पन्नास वर्षं लोकांच्या दारावरचे नंबर रंगवलेत त्यांनी, हात थोडाच ऐकतो! एखादा सुटला असेल."

मुलीने चष्मा वर केला. "एखादाच?"

ऊदवालीचं हसू ओठांवरच राहिलं.

"रजिस्टरमध्ये ही बरगडी कुठल्या थरात आहे?"

मुलीने बोट फिरवलं. "आठव्या."

"रजिस्टर कुणी उतरवलं होतं?"

"खाली सही आहे मॅडम. तुमच्या तेव्हाच्या विद्यार्थिनीची."

ती विद्यार्थिनी शाळेत फक्त इंग्रजी आकडे शिकलेली होती. तिने ४ पाहिला असेल, तो जरा उघड्या डोक्याचा 8 वाटला असेल आणि 8 लिहिला असेल. त्यात तिची काय चूक?

ऊदवाली उठली. या वेळी बोळातून फेरी मारून परत आली नाही. थेट शेवटच्या कपाटाशी गेली आणि कमरेच्या किल्लीने खालचा खण उघडला. त्यात एका काचेच्या कुपीत, कापसावर, एक दाढ होती.

त्या दाढेवर तिची सोळा वर्षं उभी होती.

*

ऊद म्हणजे पाणमांजर. लांबट, चपळ, मासे खाणारं, नदीत राहणारं आणि माणसाच्या नजरेला सहसा न पडणारं. हे आधीच सांगितलेलं बरं. बाविसाव्या वर्षी ती "मी ऊदावर काम करते" असं सांगत हिंडायला लागली, तेव्हा निम्म्या गल्लीची समजूत झाली की पेंटरच्या थोरलीला उदबत्तीच्या कारखान्यात नोकरी लागली.

"छान वास येत असेल ना दिवसभर?" एका शेजारणीने विचारलं होतं.

"येतो की," धाकटी बहीण म्हणाली होती. "आंघोळ केली तरी जात नाही."

कारण काम होतं विष्ठा शोधण्याचं. ऊद दिसत नाही, पण नदीतल्या ठरावीक दगडांवर आपली खूण ठेवून जातो. ताजी असली तर माशाच्या तेलाचा वास, जुनी झाली की वाळलेल्या गवताचा. सहा किलोमीटर काठ, एकशे दहा दगड, प्रत्येक दगडापाशी गुडघ्यावर बसून नाक खाली. "लोकांच्या मुली वर बघून चालतात," बाबा म्हणायचे, "आमची हुंगत चालते." पण तिच्या नमुन्यांच्या डब्यांवरची पहिली पाटी त्यांनीच रंगवून दिली होती, सावलीच्या अक्षरांत, एखाद्या दुकानाची असावी तशी.

चार वर्षांनी तिने आपली मोजणी एका सभेत मांडली. दोन हजार एकशे सहा नमुने. मागच्या रांगेतून एका म्हाताऱ्या प्राध्यापकांनी विचारलं, "मग ऊद किती?"

"नमुने दोन हजार एकशे..."

"नमुने नाही हो बाई. ऊद."

तिला उत्तर येत नव्हतं. एकच ऊद दहा दगडांवर जात असेल, किंवा दहा ऊद एकाच दगडावर. टाळ्या झाल्या, चहा झाला, पण तो प्रश्न चपलेत खडा शिरावा तसा तिच्यात शिरला. काढायचा कसा ते कळेपर्यंत सात वर्षं गेली.

विष्ठेत प्राण्याच्या आतड्यातल्या पेशी असतात. पेशींतून जनुकं निघतात. जनुकांवरून कुठली खूण कुणाची ते सांगता येतं. तेहतिसाव्या वर्षी ती दुसऱ्या शहरातल्या प्रयोगशाळेत शिकायला गेली, स्वतःपेक्षा दहा वर्षांनी लहान पोरांच्या रांगेत. परत आली ती उत्तर घेऊन. चौदा.

"चौदा?" धाकटी ओरडली. "अकरा वर्षं घालवलीस आणि चौदा? अगं, खाली माझ्या पार्लरमध्ये याहून जास्त बायका एका सकाळी येतात!"

पण त्या चौदांच्या जनुकांत एक गंमत निघाली. जनुकांच्या रासायनिक अक्षरांची एक मांडणी, जी दुसऱ्या कुठल्याही नदीतल्या उदांत नव्हती. मग नवा खडा. ही मांडणी यांच्यात कधीपासून आहे? हे ऊद इथे कधीपासून आहेत? जिवंत प्राणी ते सांगू शकत नाही, मेलेलाच सांगेल. म्हणून बेचाळिसाव्या वर्षी बाईसाहेब हातात ब्रश आणि करणी घेऊन नदीवरच्या चुनखडीच्या गुहेत शिरल्या, हाडं उकरायला.

दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात. ही तर तीन घरची. प्राण्यांचे अभ्यासक म्हणायचे ही जनुकवाली, जनुकवाले म्हणायचे ही हाडवाली, आणि हाडवाले तिला नदीची समजायचे. कुठल्याच विभागात तिची खुर्ची पक्की नव्हती. तिला त्याचं फारसं वाटत नसे, खुर्चीत बसणारं कोण होतं?

गुहेत नऊ थर होते, वरून खाली मोजलेले. आठवा थर घट्ट, न हललेला, त्यात कोळसा सापडला आणि त्याचं वय नऊ हजार वर्षं निघालं. चौथा थर म्हणजे नुसता गोंधळ. साळिंदरांनी बिळं पोखरून वरचं खाली आणि खालचं वर केलेलं. चौथ्या थरात जुन्या दातांच्या शेजारी कुणाच्या तरी पँटीचं बटण सापडलं होतं.

त्याच हंगामात ती दगडावरून घसरली आणि उजवं मनगट मोडलं. चारशे हाडं ओल्या पिशव्यांत घरी आली. पिशव्यांवरची अक्षरं पाण्याने पसरायला लागलेली, आणि हिचा हात प्लास्टरमध्ये. तेव्हा बाबा जेवणाच्या टेबलाशी बसले. प्रत्येक हाडावर आधी वॉर्निशचा नखाएवढा पट्टा, तो सुकला की त्यावर टाकाने काळ्या शाईत थराचा आकडा आणि हाडाचा क्रमांक. सव्वीस दिवस. पिशव्या कुजल्या, त्या फेकून दिल्या. चारशे हाडांत उदाची दाढ एकच निघाली. आठव्या थरातली. तिच्यातून जनुकं निघाली आणि त्यांत तीच मांडणी होती, चौदांमधली.

म्हणजे हे ऊद नऊ हजार वर्षांचे रहिवासी. हे मांडणाऱ्या लेखाने तिला नाव मिळवून दिलं, तीन घरांत मिळून एक.

आता ही सगळी जुनी कहाणी एकदम निकडीची झाली होती, कारण नऊ दिवसांवर सुनावणी होती. नदीकाठी मत्स्यबीजाची तळी झाली होती आणि ऊद तिथे रोज जेवायला जात. तळ्यांच्या मालकाने नदीखात्याकडे अर्ज केला होता. त्याचं म्हणणं असं, की नव्वद वर्षांपूर्वी वरच्या अंगाला कुणीतरी फरसाठी ऊद पाळले होते, पुरात पिंजरे फुटले, आणि हे त्यांचेच वंशज. बाहेरचे. बाहेरचा प्राणी नुकसान करत असेल तर पकडून हटवायची कायद्यात सोय होती. इथल्या प्राण्याला मात्र हात लावता येत नव्हता. इथले की बाहेरचे, याचा अख्ख्या फायलीत पुरावा एकच होता, नऊ हजार वर्षांची ती दाढ.

*

ऊदवालीने दाढ सूक्ष्मदर्शकाखाली धरली. मुलगी मागे उभी.

"काय आहे मॅडम?"

"क्रमांक दोनशे तीस."

"आणि थर?"

ऊदवाली बाजूला झाली. "तूच बघ."

मुलीने डोळा लावला. "इथे तर भोक आहे."

जनुकांसाठी दाढेला भोक पाडावं लागतं. दूरच्या प्रयोगशाळेने ते पाडलं होतं आणि त्या गिरमिटाने थराच्या आकड्याचं डोकंच उडवलं होतं. खालचं वेटोळं तेवढं शिल्लक. वर उघडं होतं की मिटलेलं, कुणाला ठाऊक?

"भोक पाडण्याआधीचा फोटो असेल ना?"

"आहे. त्यात माझा अंगठा छान आलाय. आकडा धुरकट."

"मग क्रमांकावरून कळेल. तो मराठीत असला तर थरही..."

"दोन, तीन, शून्य," ऊदवाली म्हणाली. "वाच. कुठल्या लिपीत आहेत सांग."

मुलगी पुन्हा भिंगावर वाकली. दोन, तीन आणि शून्य. इकडचे म्हणा, तिकडचे म्हणा, बाबांच्या हातचे दोन्हीकडचे सारखेच दिसायचे. एखादा पाच असता, एक असता, नऊ असता तर चटकन बोलला असता. नेमके हेच तीन मुके भेटले.

"मॅडम," मुलगी हळूच म्हणाली, "आपल्या दोघींशिवाय हे कुणालाच माहीत नाही."

"तीच तर अडचण आहे. मला माहीत आहे."

*

बाबा खिडकीशी बसले होते. चौऱ्याऐंशी पूर्ण. हात थरथरायचे म्हणून पेला दोन्ही हातांनी धरायचे, पण समोरच्या फार्मसीची नवी पाटी दिसली की अजून जीभ चालायची. "ते 'म' बघ. पोट आहे की पिशवी?"

ऊदवालीने दाढेवरच्या वेटोळ्याचा मोठा फोटो छापून आणला होता. तो टेबलावर ठेवला, चार कोपऱ्यांवर चार चमचे ठेवून सपाट केला, आणि स्वतः दाराशी जाऊन उभी राहिली. मग खिडकीशी. मग पुन्हा दाराशी.

"अगं, बस की," बाबा म्हणाले. "घोडीसारखी काय नाचतेस?"

"बाबा, हा आकडा तुमचा. वरचा भाग गेलाय. काय लिहिलं होतं?"

"केव्हा?"

"सोळा वर्षांपूर्वी."

"काल काय जेवलो ते विचार, तेही सांगणार नाही."

खालून धाकटी वर आली. पार्लर बंद करून, केसांत तीन चिमटे तसेच विसरून. जिन्यातच तिने अर्धं ऐकलं होतं आणि उरलेलं ताईने तिला चार वाक्यांत सांगितलं. धाकटीला विज्ञान कळत नसे, पण पेच लगेच कळायचा.

"म्हणजे आठ असेल तर ऊद राहतात."

"हो."

"आणि चार असेल तर?"

"चार असेल तर ती दाढ नऊ हजार वर्षांची असेल, नव्वद वर्षांची असेल, काहीही असेल. मग माझ्याकडे काहीच नाही."

"बाबा," धाकटी लगेच वळली, "आठ आहे ना हो?"

"बघू तर दे."

"बघायचं काय त्यात? आठ म्हणा."

"धाकटे, गप्प बस," ऊदवाली म्हणाली.

"का गप्प बसू? झाकली मूठ सव्वा लाखाची! आयुष्य घातलंस तू त्या चौदा जनावरांपायी. लग्नाला आलेला मुलगा वासाने पळून गेला. आणि आता एका रेघेपायी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणार?"

"तो वासाने नाही पळाला. मी त्याला दगड मोजायला नेलं होतं म्हणून पळाला."

"तेच ते!"

बाबांनी भिंग मागितलं. हात थरथरत होता म्हणून भिंग हलत होतं आणि भिंगाखालचं वेटोळं पाण्यात पडल्यासारखं. शेवटी धाकटीनेच भिंग धरलं, तोंड फुगवून. बाबा वाकले.

"आठ मी असा काढत नाही," बाबा म्हणाले.

"बाबा!" धाकटी.

"अगं, ऐक तरी. आठ म्हणजे मी दोन गोळे काढतो. खालचा मोठा, त्यावर धाकटा, टेकवून. पाटीवर आठ एका ओढीत काढला की कलंडतो, माझ्या उस्तादांनी कानाखाली देऊन शिकवलंय. दोन गोळे एकमेकांना नुसते टेकतात, छेदत नाहीत." त्यांनी थरथरतं बोट फोटोवर ठेवलं, नेमकं भोकाच्या कडेला. "इथे रेघा कात्रीसारख्या एकमेकींवरून गेल्यात. एक डावीकडून खाली आली, वळसा घेतला, उजवीकडे वर गेली. हात उचललेला नाही. हा चार आहे."

"खात्री?" ऊदवालीने दारातून विचारलं.

"माझ्या हातची ओढ मी ओळखणार नाही? उभं करा मला कोर्टात."

धाकटीने भिंग टेबलावर आपटलं. "घ्या! करायला गेलो एक आणि झालं भलतंच. बाबा, तुम्हाला कळतंय का तुम्ही काय बोललात?"

"कळतंय," बाबा म्हणाले. मग थोरलीकडे पाहून, जरा खालच्या आवाजात, "चूक माझीच ना गं?"

ऊदवाली त्यांच्याजवळ आली, खुर्चीच्या हातावर टेकली. घरी आल्यापासून ती पहिल्यांदाच टेकली.

"तुम्ही चारशे हाडं लिहिलीत बाबा. मी एकदाही परत तपासली नाहीत. आठ हवा होता ना मला. हवा होता तोच दिसला, मग कशाला तपासते?"

"मग आता?"

"दाढ उरली आहे अजून. अख्खी दळली तर तिचंच वय काढता येईल. तेव्हा यंत्रांना जास्त पूड लागायची, म्हणून कोळशाचं वय काढून भागवलं होतं. आता एवढ्यात होतं."

"आणि दळल्यावर?" धाकटीने विचारलं.

"काही उरणार नाही. एकदाच विचारायचं आणि जे येईल ते ऐकायचं."

*

सुनावणी नदीखात्याच्या लांबट खोलीत होती. एका टोकाला अध्यक्ष, शेजारी टंकलेखनिक, आणि मधल्या टेबलाच्या दोन बाजूंना दोन पक्ष. तळीवाला पाच फायली घेऊन आला होता. ऊदवालीच्या बाजूला धाकटी, पार्लरला कुलूप लावून आलेली, "तू तिथे काही वेडंवाकडं बोललीस तर ओढायला कुणीतरी हवं" म्हणून.

अध्यक्षांनी चष्मा लावला. "बाई, तुमचा लेख फायलीला आहे. त्यात काही भर?"

ऊदवाली उठली. "भर नाही, वजाबाकी आहे."

तिने सगळं सांगितलं. बरगडी, उघडं डोकं, भोक, मुके आकडे, बाबांची कात्री. अध्यक्षांनी दोनदा पेन खाली ठेवलं.

"थांबा. म्हणजे तुमचाच पुरावा आणि तुमचीच त्यावर हरकत?"

"हो."

तळीवाल्याने फायली मिटल्या आणि खुर्चीत मागे रेलला. "सुंठीवाचून खोकला गेला! मी उगाच वकील केला साहेब. बाईच माझ्या बाजूने बोलतायत."

"मी कुणाच्याच बाजूने बोलत नाही. थर चौथा आहे, तो ढवळलेला आहे. दाढेचं वय ठाऊक नाही. ते काढायला सहा आठवडे द्या."

"आणि सहा आठवडे माझे मासे खाणार कोण? हिचे नातेवाईक!"

"खातातच," ऊदवाली म्हणाली. "महिन्याला किती ते मी मोजून देते. तुमच्या अर्जात लिहिलंय त्याचा पाचवा हिस्सा. तुमच्या तळ्यांवर बगळे येतात, त्यांनी खाल्लेलंही उदांच्याच नावावर घातलंय तुम्ही."

"बगळे?"

"तुमच्या बांधावरची विष्ठा मी हुंगलेली आहे."

टंकलेखनिकाची बोटं थांबली. "हे नोंदवायचं का साहेब?"

"नको," अध्यक्ष म्हणाले. मग तिच्याकडे वळले. "बाई, गप्प राहिला असता तर आज निकाल तुमच्याकडेच होता, हे कळतंय ना तुम्हाला?"

धाकटीने खालून तिची बाही ओढली. ऊदवालीने हात सोडवून घेतला.

"गप्प राहिले असते आणि उद्या कुणी दुसऱ्याने ही बरगडी पाहिली असती, तर माझ्या बाकीच्या कामावर, त्या चौदांवर कोण विश्वास ठेवणार होतं?"

सहा आठवडे मिळाले. ऊद पकडायचे पिंजरे तोवर गोदामात. आणि वय नव्वद वर्षांच्या आतलं निघालं, किंवा काहीच निघालं नाही, तर अर्ज मंजूर.

*

ते सहा आठवडे तिने कसे काढले ते धाकटीला विचारावं. पहिल्या आठवड्यात तिने तळघरातली चारशेच्या चारशे हाडं पुन्हा तपासली. बाबांच्या हातून सुटलेला मराठी चार आणखी सात हाडांवर निघाला. दुसऱ्या आठवड्यात स्वतःचा लेख मागे घेण्याचं पत्र लिहिलं आणि पाठवून टाकलं, कारण वय काहीही येवो, आठवा थर चूकच होता. तिसऱ्यात पत्रांची उत्तरं आली. कुणी म्हणालं धाडस लागतं. एका हाडवाल्याने लिहिलं, "आम्ही आधीच म्हणत होतो." त्याने आधी काहीच म्हटलेलं नव्हतं. चौथ्या आठवड्यात ती पार्लरमध्ये येऊन बसायला लागली, गिऱ्हाइकांच्या रांगेत, आणि दर पाच मिनिटांनी उठून पत्रपेटी बघून यायची.

"ताई, निकाल मेलवर येतो ना?"

"हो."

"मग पत्रपेटीत काय बघतेस?"

"चालणं होतं."

केस कापून घ्यायला बसलेली एक बाई आरशातून म्हणाली, "यांचं कुणी दवाखान्यात आहे का?"

"चौदा जण," धाकटी म्हणाली.

आतून मात्र धाकटीही कुरतडली जात होती. पाचव्या आठवड्यात ती ताईला न सांगता नदीवर जाऊन आली, आयुष्यात पहिल्यांदा. तासभर दगडावर बसली. काहीच दिसलं नाही. घरी येऊन बाबांना म्हणाली, "एवढ्याशा गोष्टीसाठी एवढं!" आणि मग जरा वेळाने, "पण दगडावर ताजी होती हो एक. मी वास घेतला."

"कसला होता?"

"माशाच्या तेलाचा."

निकाल एका दुपारी आला. ऊदवाली संग्रहालयात होती. नोंदी घेणाऱ्या मुलीने पडद्यावर वाचला, कारण ऊदवाली बोळाच्या दुसऱ्या टोकाला निघून गेली होती.

"मॅडम! साडेचारशे वर्षं. पन्नासेक इकडेतिकडे."

बोळातली पावलं चालूच राहिली.

"मॅडम, नव्वद नाही. साडेचारशे! फरवाल्यांच्या कितीतरी आधी. तीच मांडणी साडेचारशे वर्षांपूर्वी इथे होती. म्हणजे ते पळून आलेले नाहीत. राहतात ते, मॅडम, राहतात!"

ऊदवाली परत आली ती डोळे पुसत आणि कपाळाला आठ्या घालून.

"आणि माझे नऊ हजार गेले."

"ते तर गेलेच होते."

"हो गं, गेलेच होते," ती म्हणाली. पण ती स्टुलावर बसली आणि बराच वेळ उठली नाही. मुलगी सांगते, तिला तेच जास्त भीतीदायक वाटलं.

*

दुसऱ्या सुनावणीला तळीवाला उशिरा आला आणि फायली आणल्या नाहीत. अध्यक्षांनी निकाल तयारच ठेवला होता. तळ्यांना जाळ्या घालायला खातं मदत करेल, उदांना हात लावायचा नाही. ते वाचत गेले. "सदर प्राणी हे मूळचे याच नदीतले असून..."

ऊदवालीने हात वर केला.

"ताई," धाकटी दातांखाली म्हणाली. "खाली."

"साहेब, तो 'मूळचे' शब्द काढा."

अध्यक्षांनी कागद खाली केला. "बाई, तुम्ही जिंकलात."

"ते ठीक आहे. पण मूळचे हे मला माहीत नाही. साडेचारशे वर्षांपूर्वी एक ऊद इथे होता, एवढंच माहीत आहे. त्याआधी कुठून आला, कधी आला, त्याचं काहीच माझ्या हातात नाही."

"पण नव्वद वर्षांचे नाहीत, हे नक्की?"

"ते नक्की. तेवढंच लिहा."

तळीवाला एवढ्या वेळात पहिल्यांदा हसला. "साहेब, यांना जिंकायला दिलंत तरी भांडतात."

टंकलेखनिकाने वाक्य खोडलं आणि वर पाहिलं. "मग बाई, मूळचे कुठले लिहू?"

"ती जागा सोडा. कळवते."

धाकटीने कपाळाला हात लावला. ऊदवालीने पिशवीतून वही काढली. त्यात चुनखडीच्या त्या गुहेपलीकडच्या, अजून न खोदलेल्या दुसऱ्या एका गुहेचा नकाशा होता, पेन्सिलीने, जागोजागी खोडलेला. टंकलेखनिकाच्या खांद्यामागे उभी राहून, तो नवं वाक्य पुरं करेपर्यंत, ती उभ्या उभ्याच त्यावर काहीतरी मोजत होती.